कीड लागलेलं पिंपळपान

माझ्या चित्रांत वातीचा स्टोव्ह असतो, पत्र्याची पेटी असते, निळीची पुडी असते. एकदा गुलबर्ग्यात ही चित्रं भिंतीला लावली होती, तेव्हा एक गृहस्थ बराच वेळ समोर उभे राहिले. मग म्हणाले, प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात पिंपळाचं पान आहे आणि पानाला भोक आहे, ह्यातून तुम्हाला नश्वरता सुचवायची आहे ना? मी नुसती मान हलवली. त्यांना काय सांगणार, की ते भोक एका अळीनं पाडलं होतं आणि माझ्या अक्कानं ते जसंच्या तसं उचललं होतं.

घरी आल्यावर मात्र मी चित्रं पुन्हा भिंतीशी मांडली आणि स्वतःवरच चरफडले. एका पानात भोक टोकाशी होतं, एकात मधोमध, एकात उजवीकडे. खरं कुठं होतं ते मला आठवतच नव्हतं. अक्काचा चेहराही आता मला फोटोतलाच आठवतो. तो फोटो लग्नाच्या दिवशीचा आहे, त्यात ती फोटोग्राफरला घाबरलेली दिसते. तशी ती कुणाला घाबरणारी नव्हती.

आम्ही बीदरजवळच्या जनवाड्याचे. अक्का माझ्याहून बरीच मोठी. त्या काळी लग्नाच्या पोरीला उशीचे अभ्रे, पेटीवरचा रुमाल, दाराचा पडदा, सगळं स्वतःच्या हातानं भरून न्यावं लागे. भरतकामाचे नमुने बीदरच्या बाजारात मिळत. पोपट, राजहंस, फुलांची परडी. आमच्या अप्पांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, भिंतीवरच्या जुन्या तसबिरी उतरल्या, आणि आमच्या गल्लीतल्या बायकांना कापडावर पिंपळपान हवंसं वाटू लागलं. बाजारात ते कुठून मिळणार? दुकानदार आपला मोरच पुढं करायचा.

मग अक्का स्वतःच एक पान घेऊन आली. पातळ कागद घडी केलेल्या गोधडीवर पसरला, त्यावर पान ठेवलं आणि काठाकाठानं सुईनं टोचत गेली. मग शिरा टोचल्या. पानाला एक भोक होतं, त्याच्याही कडेनं ती टोचायला लागली तेव्हा मी शेजारी पालथी पडून बघत होते. मी म्हटलं, दुसरं चांगलं पान आण की.

"पान हायच तसं," अक्का म्हणाली. "मी कामून लपवू?"

कागद टोचून झाला की तो कापडावर टाचायचा. वाटीत रॉकेल, रॉकेलात नीळ कालवायची, त्यात कापसाचा बोळा बुडवून कागदावरून फिरवायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांचं पान. बोळा फिरवायचा मान माझा होता. दोन दिवस बोटं निळी राहत आणि भाकरीला रॉकेलचा वास येई, त्यावरून मायच्या शिव्या खायच्या. आजही रॉकेलचा वास आला की मी तो छातीभर ओढून घेते. घरात गॅस आला तरी मी स्टोव्ह टाकला नाही, त्याचं खरं कारण हे आहे.

अक्काचा तो एकच कागद अख्ख्या गल्लीत फिरला. घरोघर पिंपळपान आलं आणि घरोघर त्याच जागी कीड लागली. कुणी कुरकूर केली नाही. शेजारच्या मावशीचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. तिनं तर रेडिओचा रुमाल भरला. घरात रेडिओ नव्हता. उद्या आला तर उघडा बसायला नको, म्हणून आधी रुमाल. बरीच वर्षं तो रुमाल धान्याच्या डब्यावर होता, आणि अप्पा येता जाता विचारायचे, आज बातम्यांत काय सांगितलं?

अक्काचं लग्न हुलसूरला झालं. नमुन्यांचे कागद तिनं पेटीच्या तळाशी ठेवून नेले. दुसऱ्याच वर्षी तापानं ती गेली. पुढं मी तिच्या सासरी गेले तेव्हा समजलं, ते कागद चुलीत गेले. त्यांचा तरी काय दोष, भोकं पडलेला कागद कोण जपून ठेवतो? पण मी परतीच्या बसमध्ये रडले. तिच्या हातचं आता जगात काही उरलं नाही, असं मला वाटलं.

चित्रं पाहून चरफडले, त्याच आठवड्यात मी जनवाड्याला गेले. आमच्या गल्लीत आता बहुतेक जुनं काही नव्हतं. पेट्या जाऊन कपाटं आली होती. मावशीच्या घरात मात्र कोनाड्यात रेडिओ होता. तो बंद पडून किती वर्षं झाली कोण जाणे, पण अंगावर रुमाल होता. धुवून धुवून पांढरट झालेला. हिरवा दोरा अर्ध्या पानावरून झडला होता, नुसती सुईची भोकं दिसत होती. आणि अळीचं भोक देठापाशी होतं, डावीकडे. तिथं मी ते एकदाही काढलं नव्हतं.

मी रुमाल मागितला. नवा आणून देते म्हटलं, हवा तसला. मावशीनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"न्हाई देणार. पान तुझ्या अक्काचं हाय, व्हय. पर टाका माझा हाय."

मला राग आला, आणि लगेच कळलं की तिचं बरोबर आहे. मी हात मागं घेतला. मग तिनं कोनाड्यातून सुईदोऱ्याचा डबा काढून माझ्यापुढं सरकवला.

"दोरा झडायलाय. मला सुई दिसंना आता. तू भर."

मी जन्मात धड एक बटण लावलेलं नाही. तरी उंबऱ्यापाशी उजेडात बसले. अक्कानं टोचलेल्या ठिपक्यांवर मावशीची सुई गेली होती, तिच्या भोकांतून आता माझी जात होती. मावशी बोटांनी चाचपून बघे आणि टाका ढिला लागला की उसवायला लावी. अळीच्या भोकापाशी आले तेव्हा तिनं माझा हात धरला. हितं भरू नको, म्हणाली. मी म्हटलं, ठाऊक आहे.

भोकाच्या कडेनं टाका घालत गेले. अक्का जवळ बसलीय आणि मी पालथी पडून बघतेय, असं वाटायला लागलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आता देठच तेवढा राहिला होता. बीदरची बस निघायची वेळ झाली, असं मावशी म्हणाली. मी हो म्हटलं, आणि तिनं सांगितलं नसताना शेवटचे टाके उसवून पुन्हा घालायला घेतले.