लाल दोऱ्यातलं नाव
गादीवाल्याच्या दुकानातून पिंजलेल्या कापसाचा वास आला, की मी आजही भराभर पावलं उचलते. कारगिलचं युद्ध चालू होतं. गोळीबारामुळे घरं सोडावी लागलेल्या सीमेवरच्या गावकऱ्यांसाठी अकोल्यातल्या आमच्या जठारपेठेने गोधड्या द्यायच्या आणि कलेक्टर कचेरीने ट्रक, असं ठरलं होतं. भाजत्या उन्हात बायका घाम पुसत कापूस भरून जाड गोधड्या शिवत होत्या; त्या गोळा करून ट्रकवर चढवायचं काम माझ्याकडे होतं. ट्रक निघता निघता मागच्या गल्लीतली बाई धापा टाकत आली. तिचा मुलगा फौजेत होता. गोधडीच्या कोपऱ्यावर तिने लाल दोऱ्याने त्याचं नाव घातलं होतं. "माह्या पोरालेच भेटन न?" ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. "हो, भेटेल," मी म्हणून टाकलं. ती वळताच कचेरीचा कारकून म्हणाला, "मदतीच्या मालावर कुणाचं नाव चालत नाही मॅडम, उसवा." मी ब्लेड घेऊन बसले, तोच ती मुलासाठी लोणच्याची बरणी घेऊन परत आली. तिने ब्लेड पाहिलं. उसवलेला दोरा तेवढा बोटाला गुंडाळून बरणीसकट निघून गेली. मुलगा पुढे सुखरूप आला. पण आजही मी तिला काही सांगितलं, की ती आधी माझ्या हातांकडे बघते.