येऊन गेलेला रोग

आमचे साडू सरकारी नोकरीत रानपक्षी पकडतात. गुडघाभर पाण्यात उभं राहून जाळं टाकायचं, बदकाच्या पंखाच्या शिरेतून रक्त घ्यायचं, घशात कापसाची काडी फिरवायची, पायात नंबराचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. बर्ड फ्लू कुठवर पोचलाय ते त्यावरून कळतं. लांब पाय आणि गंभीर चेहरा, म्हणून घरात सगळे त्यांना बगळा म्हणतात. तेही ओ देतात.

यंदा एक बदक दुसऱ्यांदा जाळ्यात आलं. मागच्या वेळी त्याचं रक्त स्वच्छ होतं; आता त्यात रोगाच्या खुणा निघाल्या. घशाचा नमुना मात्र स्वच्छ. साडूंनी हे जेवताना बायकोला सांगितलं, तिथेच चुकलं. मेहुणीच्या परसात कोंबड्या आहेत आणि तिचा जीव त्यांच्यात अडकलेला.

"बदक आजारी आहे का?"

"छे, ठणठणीत आहे."

"मग खुणा कसल्या?"

"रोग येऊन गेल्याच्या."

"कधी? कुठे?"

"ते त्या बदकालाच ठाऊक."

रानपक्षी हाताळणाऱ्याने घरी कोंबड्या पाळू नयेत, असं साहेबांचं म्हणणं. साडूंनी तेही चाचरत सांगून टाकलं.

मेहुणी म्हणाली, "माझ्या कोंबड्यांनी कुंपण ओलांडलेलं नाही. चिखल तुडवत हिंडता ते तुम्ही. दोघांतलं एकच ठेवायचं, तर कोंबड्या राहतील."

साडू बॅग घेऊन आमच्याकडे आले.

माझा जन्म जमाखर्चात गेला. रक्कम या बाजूला नाहीतर त्या बाजूला. हे बदक कुठे मांडावं ते मला उमगेना. साडूंना विचारलं, तर म्हणाले, "आमच्या खात्यातल्या डॉक्टरीणबाई सांगतात, घाबरू नका, पण जपून राहा." म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्यांनाही सांगता येईना.

शेवटी त्यांनी स्वतःचंच रक्त तपासून घेतलं. काही निघालं नाही. दाढीबिढी करून ते घरी निघाले, साक्षीला मी. मेहुणी दारात आडवी उभी.

"रक्त कधी दिलंत?"

"गेल्या आठवड्यात."

"त्यानंतर तळ्यावर गेला होतात?"

"रोजच जातो की."

"मग हे गेल्या आठवड्याचं झालं. आजचं सांगा."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. तिचं चुकत होतं म्हणावं, तर कुठे ते सापडेना. ते बॅग उचलून मागे वळले.

"भाऊजी, तुम्ही आत या ना," मेहुणी मला म्हणाली, "चहा टाकते."

इतके दिवस मी साडूंच्याच खोलीत झोपत होतो, ते तिने विचारलं नव्हतं. उंबऱ्याशी एक चप्पल काढून मी तसाच उभा राहिलो.