माझा भेसळीचा ढावलो

पुसदच्या एका कॉलेजात क्रिओल संगीतावर व्याख्यान होतं. मी गेले ते नंतरच्या समोशांसाठी. पाहुणे सांगत होते: अमेरिकेतल्या लुइझियानात आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम, फ्रेंच मालक आणि आणखी कुठकुठले लोक एकत्र आले. एकाची बोली दुसऱ्याला धड येईना. मग मिळाले त्या शब्दांची मोडतोड करून त्यांनी गाणी रचली, ताल आपला ठेवला, आणि कपडे घासायचा पन्हाळी पत्रासुद्धा चमच्यांनी वाजवला. "ही भेसळ नव्हे, हेच त्यांचं संगीत," ते म्हणाले, आणि मला खुर्चीतच हसू फुटलं. हे आमच्या तांड्यावरच्या काक्यांना वेळेवर कुणी सांगितलं असतं तर माझ्या लग्नात माझी एवढी शोभा झाली नसती.

आम्ही बंजारा. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात. शब्द तिनंच जुळवायचे, तेही आमच्या गोरबोलीत. मी शिकायला म्हणून दारव्ह्याला मामाकडे, वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरींत वाढलेली. माझी गोरबोली जेवणापुरती. आणि याडी, म्हणजे माझी आई, वऱ्हाडीचा शब्द तोंडातून काढायची नाही. बाजारात भाजीसुद्धा बोट दाखवून घ्यायची. शिकायला पाठवली नि पोरगी परकी झाली, असं ती तांडाभर सांगत फिरे. तेव्हा ढावल्यात तिला रडवायचंच, असं मी ठरवलं होतं. ती कोरडीच राहिली असती तर मी खरंच परकी ठरले असते.

जुळवून पाठ केलेल्या चार ओळी मी तिच्या गळ्यात पडताच उडाल्या. सूर लागला, शब्द सापडेनात. तोंडातून निघालं ते असं: "याडी ये, मले काहून धाडून राह्यली, मैं तो अभी छोटी हूँ ये!" मी सव्वीस वर्षांची, बी.एड. झालेली. काक्या पदरात तोंड खुपसून हसल्या. एकीनं मुद्दाम वऱ्हाडीत विचारलं, "पोरी, रडून राह्यली का भाजी इकून राह्यली?"

आता मात्र मला खरंखुरं रडू आलं. याडी ताठ उभी. मग तिनं माझं डोकं छातीशी दाबलं आणि त्याच सुरात, घोगऱ्या आवाजात म्हणू लागली, "जाय बाई, जाय... मी संग भांडाले कोन हाय आता..."

काक्यांचे पदर तोंडावरून डोळ्यांकडे गेले. तिची वऱ्हाडी माझ्या गोरबोलीहून वाईट होती. जन्मभर टाळलेली ती बोली याडी चार बायांदेखत, चुकत चुकत, रडत गात होती. मला कळावं म्हणून.