तीन छर्रे कमी

कुवेतच्या शुवैख बंदरावरच्या गोदामात उंदरांनी किती पोती फोडली, हे मी दर गुरुवारी मोजून वहीत लिहीत असे. त्या उन्हाळ्यात पहिल्या आठवड्याला अकरा, दुसऱ्याला चौदा आणि तिसऱ्याला एकोणीस पोती फुटली. तांदूळ फारसा जात नव्हता, पोत्यामागे मूठ-दोन मूठ. पण लेंड्या निघालेलं पोतं दुकानदार परत पाठवतो, आणि एक पोतं परत आलं की बाकीच्या पोत्यांकडेही लोक संशयाने बघू लागतात.

आमचा मालक तरुणपणी मुंबईत सात वर्षं राहिला होता. त्याला आम्ही अरबाब म्हणायचो आणि तो आमच्याशी हिंदीतच बोलायचा. एकोणीसचा आकडा वाचून त्याने वही बंद केली.

"बाईस दिन में बासमती का जहाज आएगा. तब तक एक भी चूहा दिखा, तो गोदाम की चाबी दूसरे के पास जाएगी."

किल्ली गेली म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली की कुवेतमध्ये राहायचा परवानाही जाणार. माझी बायको आठ महिन्यांपूर्वीच रत्नागिरीकडून आली होती. बनेद अल-गारला समुद्राजवळच्या एका जुन्या मातीच्या घरात आमची एक खोली होती. तिला सहावा महिना होता. आमची पहिली मुलगी आता गावी आजीकडे होती; ती जन्मली तेव्हा मी इथे होतो. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि तिने मला चाचा म्हणून हाक मारली होती. ते मी कुणाला सांगत नसे, पण विसरलोही नव्हतो. हे दुसरं मूल मला पहिल्या दिवशी बघायचं होतं. आठवा महिना लागल्यावर बाईला जहाजात घेत नाहीत, त्यामुळे नोकरी गेली असती तर तिला लगेचच परत पाठवावं लागलं असतं.

विष ठेवायला अरबाबची मनाई होती. विष खाल्लेला उंदीर थप्पीच्या पोटात जाऊन मरतो आणि वास येईपर्यंत कळत नाही. पिंजऱ्यात फक्त पिल्लं यायची. दोन मांजरं आणली होती, ती बंदरावरच्या मासेवाल्यांकडे कायमची राहायला गेली. मोठे उंदीर पत्र्याखालच्या तुळयांवर राहत, आणि तिथे हात पोहोचत नव्हता.

अरबाबच्या वडिलांचं एक जुनं रिव्हॉल्व्हर होतं, परवान्याचं. ते वापरायला त्याने हो म्हटलं, पण गोळीने छताचा पत्रा फुटला असता. गोळीऐवजी बारीक छर्रे भरलेली काडतुसं हवी होती आणि बाजारात त्या मापाची मिळत नव्हती. ती हाताने भरणं भाग होतं.

भरणारा माणूस माझ्या शेजारच्या खोलीत राहत होता. आमच्याच तालुक्यातला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शुवैखच्या एका गॅरेजात फिटर. मी त्याला दादा म्हणायचो. गावी त्याच्या घरात ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला सरकारने परवाना दिलेली. नळीत दारू, मग नारळाचा काथ्या, मग छर्रे, परत काथ्या आणि वरून गजाने ठासायचं. लहानपणापासून त्याला हे एकच भरणं माहीत होतं.

"ह्यात काय हाय मर्दा," तो म्हणाला. "ठासणीचीच धाकटी बहीण ही."

त्याने रिव्हॉल्व्हरबरोबरच्या काडतुसांमधल्या गोळ्या काढल्या आणि दारू कमी केली. दारूचं माप तो मला सांगत नसे आणि मी विचारतही नसे. ते काम त्याचं होतं. छर्रे मोजायचं काम मी घेतलं. प्रत्येक काडतुसात शंभर, ना एक जास्त ना एक कमी.

"शंभर कशाला? चिमूटभर घाल नि मोकळा हो."

"दादा, हे तांदळाचं गोदाम आहे. जेवढे छर्रे उडतील तेवढे परत सापडले पाहिजेत. किती उडाले तेच माहीत नसेल तर शोधू किती?"

"उंदराच्या पोटात गेले ते?"

"तेही."

तो माझ्या बायकोकडे वळला. "भाबी, तुमचा घरवाला उंदीर चिरणार हाय. आजपासून सुरी लपवून ठेवा."

उंदीर कधी खाली उतरतात ते मी आधीच लिहून ठेवलं होतं. दुपारी दीड ते तीन हमाल झोपायला जात, दारं बंद होत, आणि गोदाम शांत झालं की उंदीर पाण्याच्या रांजणाखाली ठिबकणाऱ्या ओलीवर यायचे. मी तो रांजण उचलून रिकाम्या कोपऱ्यात नेला, खाली ताडपत्री अंथरली आणि मागे गोणपाटाचे चार पदर टांगले, म्हणजे छर्रे तिथेच अडकून खाली पडतील. उंदरांना नव्या जागेची सवय व्हायला तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी दादाने सहाही काडतुसं भरून पहिला बार काढला. एक उंदीर पडला. दुसरा तिथेच मिशा हलवत बसून राहिला. दादाने पुन्हा चाप ओढला. काडतुसांचं चक्र हललंच नाही. त्याने जोर लावला, अल्लाचं नाव घेतलं, मग दुसरं काहीतरी म्हणाला. उंदीर निवांत पाणी पिऊन गेला.

आम्ही बाहेर उजेडात बघितलं. उरलेल्या पाच काडतुसांमधला काथ्या वर सरकून चक्राच्या बाहेर डोकावत होता आणि त्यानेच चक्र अडवलं होतं. ठासणीच्या बंदुकीत बार एकच असतो. तो उडाला की मागे हिसका खाणारं दुसरं काही उरत नाही. इथे पहिल्या बाराच्या हिसक्याने शेजारची पाचही काडतुसं सैल झाली होती. दादा काडतुसं काळजीने बाहेर काढत म्हणाला, "धाकटी बहीण नाय ही. दुसऱ्याच गावची हाय."

आता काथ्याऐवजी पुठ्ठ्याची चकती लावायची ठरली. खोक्यांवर सगळीकडे अरबी, म्हणजे कुराणाच्या लिपीतली अक्षरं होती आणि तसा पुठ्ठा बंदुकीत घालून जाळायला आम्हा दोघांचंही मन होईना. शेवटी माझ्या पायजम्याच्या कापडाबरोबर आलेला कोरा पुठ्ठा कापला. चकती जागेवर धरून ठेवायला मेणबत्तीचं मेण ओतलं. खोलीत ते छान घट्ट बसलं. पण गोदामातला थर्मामीटर त्रेचाळीस दाखवत होता. दादाने नळी खाली करताच मेण ओघळलं आणि छर्रे टपटप त्याच्या चपलेवर पडले. दोनशे चौदा. ते सगळे मी उचलेपर्यंत दादा पोत्यावर बसून माझ्याकडे बघत होता.

"तू बाजारात मोती विकायला हवास रे," तो म्हणाला.

आठ दिवस गेले होते आणि एकच उंदीर मेला होता. त्या संध्याकाळी मी ताटात नुसता भात चिवडत होतो.

"काय झालं?" बायकोने विचारलं. मी मेणाचं सांगितलं.

"उन्हात वितळणार नाय असं काय तरी हवं ना?" ती उठली आणि फळीवरून एक डबा काढला. त्यात डिंक होता, बाजारातल्या सुदानी माणसाकडून घेतलेला, खड्याखड्याचा. बाळंतपणानंतरच्या लाडवांसाठी तिने तो महिनाभर आधीच आणून ठेवला होता. "ह्याला ऊन लागलं की दगड होतो."

"हा तुझ्या लाडवांचा आहे."

"इथं राहिले तरच लाडू खाईन ना," ती म्हणाली. "घ्या. पण सगळा नाय."

तिने मूठभर डिंक वाटीत पाण्यात भिजवून दिला. मी शंभर छर्रे मोजून काडतुसात घालायचो, वर चकती बसवायचो आणि काडीने कडेकडेने डिंक लावायचो. वाळायला काडतुसं गच्चीवर सावलीत ठेवली. पलीकडे तिचे पापड वाळत होते. "चुकून हे तळू नका हां भाबी," दादा म्हणाला. दुपारपर्यंत डिंक काचेसारखा कडक झाला.

त्यानंतर एकदाही चक्र अडलं नाही. रोज दीड वाजता दादा गॅरेजातून यायचा, तीन-चार बार काढायचा आणि परत जायचा. ताडपत्री झटकून छर्रे वेचायचे, गोणपाटातले टोकरून काढायचे, उंदरांच्या अंगातले काढायचे, चपटे झालेले वेगळे ठेवून मोजायचे, हे काम मला पाच वाजेपर्यंत पुरायचं. ते घाणेरडं काम होतं. मी ते हमालांना सांगितलं नाही, कारण मोजणी मला माझ्याच हातची हवी होती.

एकोणिसाव्या दिवशी शेवटचा मोठा उंदीर पाण्यावर न येता थप्पीवरून धावला. मी "नको" म्हणेपर्यंत दादाने बार काढला होता. उंदीर पडला, पण समोरच्या पाच पोत्यांना भोकं पडली.

"चुकलं," दादा म्हणाला. आम्ही ती पाच पोती बाजूला ओढली. तागाच्या विणीत अडकलेले छर्रे काढले, भोकांजवळचा तांदूळ चाळणीतून काढला. वहीची बेरीज अशी होती: बार चौतीस, उंदीर सव्वीस, उडालेले छर्रे तीन हजार चारशे, सापडलेले तीन हजार तीनशे सत्त्याण्णव.

"तीन," दादा म्हणाला. "तीन कोण मोजतंय?"

मी मोजत होतो. माझ्या घरी मूल येणार होतं, तसं त्या तांदळाच्या गिऱ्हाइकांच्या घरीही मुलं असणार.

दुसऱ्या दिवशी अरबाब आला. त्याने तुळया बघितल्या, थप्पी बघितली आणि तो हसला. मी त्याला वही दाखवली आणि तीन छर्र्यांचं सांगितलं. त्याचं हसू गेलं.

"तुम को किसने पूछा था?"

"किसी ने नहीं."

"तो क्यों बोला?"

"कल किसी के दाँत में आता तो आप मुझ से पूछते."

त्याने हात पुढे केला. मी कमरेची किल्ली काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ती देताना मी खोलीचा, जहाजाचा आणि सहाव्या महिन्याचा विचार केला, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही.

"पाँच बोरी घर ले जाओ," तो म्हणाला. "परसों सुबह जहाज लगेगा. उससे पहले तीनों दाने मेरे हाथ में, तब चाबी. नहीं तो नहीं."

दादाने गॅरेजची गाडी आणली. पाच पोती आमच्या अंगणात उतरली आणि आजूबाजूच्या कोकणी घरांतल्या चार बायका आपापल्या पराती घेऊन आल्या. सूप वापरायचं नाही, हे बायकोने ठरवलं. थोडा थोडा तांदूळ पितळी परातीत घेऊन ती परात तिरकी करायची आणि कान द्यायची. तांदूळ सरसरत जातो आणि शिशाचा दाणा त्याच्यामागे वेगळा वाजत घरंगळतो.

"बोलू नका कुणी," ती सगळ्यांना म्हणाली. ती स्वतः भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसली होती. मी उठायला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही मोजा. ऐकायचं काम आमचं हाय."

पहिला छर्रा पहिल्याच पोत्यात मिळाला, दुसरा दुसऱ्या दिवशी दुपारी चौथ्यात. पाचवं पोतं संध्याकाळी संपलं. तिसरा नव्हता. बायकांनी पाचवं पोतं पुन्हा परातीतून काढलं. तरी नव्हता. दादा अंगणात इकडून तिकडे फिरत होता. "माझ्या बारामुळे झालं," तो एकदाच म्हणाला. मी बेरीज चार वेळा तपासली. बेरीज बरोबर होती.

अंधार पडायच्या आधी बायको आत भांडी घासायला गेली. थोड्या वेळाने तिने हाक मारली. "अवो, इकडं या जरा."

तिच्या हातात डिंकाची वाटी होती. तळाशी उरलेला डिंक वाळून घट्ट झाला होता, आणि पाणी घातल्यावर तो स्वच्छ, पिवळसर दिसत होता. त्याच्या मधोमध एक काळा ठिपका होता.

छर्रा थप्पीत कधी गेलाच नव्हता. डिंक लावताना चकतीच्या कडेला राहिलेला तो काडीला चिकटून वाटीत आला होता. कुठलं तरी एक काडतूस नव्याण्णवचं उडालं होतं आणि वहीत मी शंभर लिहिले होते. चूक तांदळात नव्हती, दादाच्या बारातही नव्हती. ती माझ्या मोजणीतली होती.

दादा वाटीत डोकावला, मग त्याने माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांत त्याने एकही थट्टा केली नव्हती. "शंभर म्हणे. ना एक जास्त ना एक कमी," तो म्हणाला आणि अंगणातल्या बायका मोठ्याने हसल्या.

सकाळी मी अरबाबकडे दोन छर्रे कागदात आणि तिसरा वाटीसकट नेला. उडालेले तीन हजार तीनशे नव्याण्णव, माझी नोंद चुकीची, असं सांगितलं आणि वहीत त्याच्यासमोर आकडा खोडून सही केली. त्याने वाटी उजेडात धरून बराच वेळ बघितली.

"ये गोंद किस का है?"

"बीवी के लड्डू का."

त्याने किल्ली वाटीत टाकली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. "जाओ. जहाज लगा है."

मुलगा ऑक्टोबरात झाला. मी दाराबाहेर होतो आणि सुईणीने त्याला बाहेर आणलं तेव्हा सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. लाडवांचा डिंक तळण्याआधी बायकोने एकेक खडा फोडून, उजेडात धरून बघितला. मी मदतीला बसलो, तर तिने डबा आपल्याकडे ओढला.

"राहू द्या," ती म्हणाली. "हे मी मोजते."