जावयाचा घट्ट हात

एखादा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात विणकाम करतो हे कळलं, की लोक जिने चढायला लागतात. आपल्या या जावयाच्या बाबतीत निदान दोन इमारतींत तसं झालं. खरं तर लोकांनी निश्चिंत व्हायला हवं होतं; सुटलेला टाका पाहून ज्याचा जीव खालीवर होतो, तो सुटा बोल्ट कसा राहू देईल? पण भरघोस मिशीवाल्या माणसाच्या हातात पिवळ्या लोकरीचा गुंडा लोकांना पटत नाही, आणि न पटलेल्या गोष्टीसाठी माणसं पाच मजले आनंदाने चढतात.

हे व्यसन त्याला सासूबाईंनी लावलं, तेही स्वसंरक्षणासाठी. सहा वर्षांपूर्वी शिडीवरून पडून त्याचा पाय मोडला आणि दीड महिना तो प्लास्टरमध्ये घरी बसला. सासूबाई तेव्हा नुकत्याच लेकीकडे राहायला आल्या होत्या. या दीड महिन्यात हाताला लागेल ते त्याने उघडलं. भिंतीवरचं घड्याळ परत जोडल्यावर दोन चाकं उरली. मिक्सर जोडल्यावर तो फक्त आवाज करू लागला. मग त्याची नजर सासूबाईंच्या रेडिओकडे वळली. सासूबाईंनी ती नजर ओळखली आणि त्याच्या मांडीवर दोन सुया आणि एक गुंडा टाकला.

"हात गुंतवा कुठेतरी, जावई. आहे ते घर जोडलेलं राहू दे."

पाय बरा झाला, विणकाम राहिलं. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत सुटा भाग येईपर्यंत दोन-दोन तास थांबावं लागतं. त्या वेळात इतर मिस्त्री झोपतात, हा विणतो. त्याच्या हत्यारांच्या पेटीत वरच्या कप्प्यात पाने आणि पक्कड, खालच्या कप्प्यात लोकर, आणि दोन्हींच्या मध्ये ग्रीसचे डाग पडू नयेत म्हणून बायकोची एक जुनी ओढणी, जिचा ती अजून शोध घेत आहे. लोकरीच्या दुकानावरून तो कधी सरळ पुढे गेलेला नाही. हा निळा परत येणार नाही, अशी त्याची दर वेळी खात्री असते. तो निळा दर वर्षी परत येतो.

"हे कोणासाठी?" कपाट उघडल्यावर अंगावर आलेले सात गुंडे झेलत बायको विचारते.

"अजून ठरलं नाही."

"आपल्या ओळखीची माणसं संपली आता. नवीन ओळखी काढ."

सुरू केलेली कामंही बरीच आहेत: तीन मफलर, एक टोपी, आणि जोडीदाराची वाट बघत दोन वर्षं बसलेला एक मोजा. याच्या पुढे मात्र सासूबाई त्याला जाऊ देत नसत. कारण त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं: "तुमचा हात घट्ट आहे."

विणणाऱ्याचा हात ही अक्षरासारखी गोष्ट असते. लोकर तीच, सुया त्याच, टाके तेवढेच, तरी दोन माणसांनी विणलेल्या पट्ट्या सारख्या रुंदीच्या होत नाहीत. सासूबाईंचा हात सैल आणि मऊ. त्यांच्या स्वेटरमध्ये माणूस सहज शिरतो. जावयाने वीस वर्षं नट आवळलेले. त्याच्या स्वेटरमध्ये माणसाला बसवावं लागलं असतं.

यंदा धाकट्या मेव्हणीला दिवस गेले आणि सासूबाईंनी बाळाचं जॅकेट विणायला घेतलं. पानांच्या विणीचं. हे पान बारा ओळींत पुरं होतं आणि त्यात ठरल्या जागी सुईवर धागा घेऊन जाळीचा टाका घालावा लागतो. तो राहिला तर पान अळीने खाल्ल्यासारखं दिसतं. घराण्यातल्या प्रत्येक बाळाचं पहिलं जॅकेट सासूबाईंनीच विणलेलं. आता वय अठ्ठ्याहत्तर आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन? "जॅकेट झालं की बघू."

पाठ बिनचूक झाली. डाव्या पुढ्यात, म्हणजे छातीवरच्या डाव्या भागात, मात्र एका रविवारी जावयाला अळीचं पान दिसलं. चूक अकरा ओळी खाली होती आणि सासूबाई वर शांतपणे विणत होत्या. तो स्वयंपाकघरात गेला.

"सांगू का त्यांना?"

"खबरदार," बायको म्हणाली. "आत्याने काय केलं आठवतंय ना? जेवणात मीठ दोनदा पडलंय, एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून आई गॅसजवळ फिरकलेली नाही. रोज मी रांधतेय आणि आत्या मजेत आहे. आता सुयाही ठेवल्या तर दिवसभर करणार काय ती? खिडकीत बसेल आणि माझा संसार तपासेल."

पण हे म्हणताना तिने कांदा चिरायचा थांबवला होता. आईच्या हातात सुया नाहीत असा एकही दिवस तिला आठवत नव्हता.

म्हणून मग जावयाने मार्ग काढला. सासूबाई दुपारी दोन ते चार झोपतात आणि झोपेची खबर घोरून देतात. सोमवारी त्याने ऑफिसात सांगितलं की एक लिफ्ट अडकली आहे, वेळ लागेल. घरी येऊन त्याने डावा पुढा हळूच उचलला, अकरा ओळी उसवल्या आणि चार वाजायच्या आत पुन्हा होत्या तिथवर आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नवी चूक केली. दुपारी पुन्हा लिफ्ट अडकली.

यात त्याग वगैरे काही नव्हता. सहा वर्षं मफलरवर काढलेल्या माणसाला अखेर पानं मिळाली होती. समोरच्या सोफ्यावर घोरणं चालू, खिडकीतून उन्हाची पट्टी, सुयांवर पान उमलतंय, आणि कुणी हात घट्ट म्हणणारं नाही. आपण सैल विणतोय अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मुरलेल्या दारुड्यांचीही आपण सरळ चालतोय अशी समजूत असते.

तीन आठवड्यांनी डावा पुढा झाला. सासूबाईंनी तो पलंगावर जॅकेटच्या पाठीवर ठेवून तळव्याने चाचपला. रुंदीला दोन बोटं कमी. पुन्हा चाचपला. मग त्यांनी आपल्या मुठी उघडून-मिटून बघितल्या, सुया गुंड्यात खोचल्या आणि सगळी पिशवी लेकीच्या हातात दिली.

"धाकटीला दुकानातून जॅकेट आण. माझे हात आखडले."

"काहीतरीच काय, आई!"

"काहीतरी नाही. रोज सकाळी सुई अडते. माझ्या टाक्यातून ती लोण्यातून जावी तशी जायची. आता ढकलावी लागते. संपलं ते आता."

बायकोने स्वयंपाकघरात जावयाला गाठलं. "तुझ्या त्या मेल्या हाताने हे केलंय. आता गप्प बस. दोन दिवसांत विसरेल."

सासूबाई विसरल्या नाहीत. दोन दिवस त्या खिडकीत बसल्या, पण संसार तपासायलाही त्यांचं मन लागेना. भांडी आदळली तरी वळून बघेनात. तिसऱ्या दिवशी त्यांनी औषधाची बाटली जावयापुढे धरली. "झाकण काढून द्या हो." आजवर या घरातली सगळी झाकणं त्याच काढत. जावयाने झाकण काढलं आणि बाटली हातातच राहिली.

"आई, ते टाके माझे आहेत."

"कुठले?"

"घट्ट आहेत तेवढे सगळे."

सासूबाईंनी त्याच्याकडे, म्हणजे तो जिथे धूसर दिसत होता तिकडे, मान वळवली. मग डावा पुढा मागवला आणि एकेका पानावर बोट ठेवलं.

"हे?"

"माझं."

"हे?"

"माझं. खालच्या चार ओळी तुमच्या."

"आणि हे?"

"तेही माझंच. तुमचा जाळीचा टाका राहायचा, आई. तुम्हाला दिसत नव्हतं. मी दुपारी उसवून—"

"म्हणजे माझ्या हातांना काही झालेलं नाही?"

"नाही."

"डोळेच फक्त?"

"हो."

जावई त्यांच्या रडण्याची वाट बघत होता. सासूबाई उठून उभ्या राहिल्या.

"तीन दिवस मी इथे बसून बोटं चोळतेय, मनातल्या मनात एकेकाचा निरोप घेतेय, आणि तुम्ही समोर बसून चहाचे घोट घेताय!"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं. तासभर वाटलं असतं, आणि संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले असते. तिला माहीत होतं?"

"मला काही माहीत नाही!" आतून आवाज आला.

"तिला सगळं माहीत होतं," जावई म्हणाला. संसारात निष्ठेला मर्यादा असतात.

डावा पुढा तिथल्या तिथे उसवला गेला. जावयाने धागा ओढायचा आणि सासूबाईंनी गुंडाळायचा, अशी शिक्षा होती. त्याची घट्ट पानं जास्त वेळ घेत होती, आणि प्रत्येक अडणाऱ्या टाक्याला सासूबाई "वा!" म्हणत होत्या. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. बाळ तेवढं थांबेल याची खात्री नव्हती. तेव्हा ठरलं असं: सासूबाई विणतील, जावई शेजारी बसून बघेल, आणि सुईला हात लावणार नाही.

पहिल्याच दिवशी पाचव्या ओळीत जाळीचा टाका राहिला. जावयाचं तोंड उघडलं आणि सवयीने मिटलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"जावई."

"राहिला. मागच्या टाक्याआधी."

सासूबाईंनी एक टाका मागे घेतला, बोटाने जागा शोधली, सुईवर धागा घेतला आणि पुढे विणू लागल्या.

"तीन शब्द," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे लागले तुम्हाला."