एका दिवसात जाऊन येणारी घोडी

पारोळ्याच्या लोटनआबांनी सारंगखेड्याच्या जत्रेतून घोडी आणली, तेव्हा गाव म्हणालं, म्हाताऱ्याला आता शर्यतीचं खूळ लागलं. कसली शर्यत आणि कसलं काय! आबांना लेकीला भेटायचं होतं, एवढंच.

बेबाबाई तापीकाठी दिलेली. अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा लेकींनी माहेरी यायचा सण; अशा दोन अखाज्या झाल्या, सासूनं तिला माहेरी धाडलं नाही. मूल झाल्याशिवाय जायचं नाही, म्हणे. सणाला गल्लीतल्या निंबावर बाकीच्या पोरींचे झोके चढायचे आणि आबा दुसरीकडे तोंड करून बसायचे. तुम्ही म्हणाल, मग बापानंच का जाऊ नये? तीच तर गोम होती. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं अन्नपाणी बापाला वर्ज्य. बैलगाडीनं नुसतं जायलाच दिवस मोडायचा. म्हणजे मुक्काम आला, आणि मुक्कामाला जेवण आलं. उजाडताना निघून दिवेलागणीला घरी आणील असं जनावर हवं होतं.

घोडी तांबडी, अंगानं चांगली, पण दमसास नाही. आबांनी घाई केली नाही. आधी नुसती चाल, बोरी नदीच्या वाळूतून. पाय घट्ट झाल्यावर दुडकी, मग अमळनेरच्या वाटेवर रोज थोडं पुढं. सांजेला भिजवलेले हरभरे आणि पायांना मालिश. बायको कमलबाई म्हणायची, "मना गुडघा दुखतस, त्या कोणले दिसतस नही." पण घोडीला गूळ तीच आणून द्यायची. मालिश करताना आबा घोडीला लेकीच्या गोष्टी सांगत. चिंचा पाडताना पडली तेव्हा कशी रडली, सासरी जाताना मात्र कशी रडली नाही. घोडीला काय कळणार! पण घरी कमलबाईशिवाय सांगायला दुसरं होतं कोण?

फाल्गुनात निघाले. ऊन डोक्यावर यायच्या आत लेकीच्या दारात. बेबाबाई वाळून गेली होती. पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आली, तर आबांनी हात जोडले. सासू ओसरीवरून बघत होती.

"मनं पाणी मी आणेल शे," म्हणत आबांनी खोगिराला लटकवलेली पाण्याची पिशवी दाखवली, आणि मोठ्या कौतुकानं घोडीवरची सगळी मेहनत सांगितली. आता लगेच निघतो, दिवे लागायला घरी पोचतो बघ, म्हणाले.

बेबाबाईनं सगळं ऐकून घेतलं. तांब्या तिच्या हातातच होता.

"आबा, घोडी मनी भेटकरता तयार करी, का मना घरनं पाणी टाळाकरता?"

बाप दारात येऊन कोरडा परत गेला, की हिची कूस अजून उजवली नाही हे साऱ्या गल्लीला नव्यानं कळणार. हे आबांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सगळा हिवाळा त्यांनी लेकीची आठवण काढत त्याचीच तयारी केली होती.

त्यांनी खोगीर उतरवलं, ओट्यावर ठेवलं आणि तांब्यासाठी हात पुढं केला. सासू उठून उभी राहिली. आबा घटाघटा प्यायले.

बेबाबाई त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

"आखो देऊ का?"

"दे," आबा म्हणाले. "आनि भाकर बी टाक."