इटलीत गाऱ्हाणं घालत नाहीत

नको तिथं नाक खुपसायची मला पहिल्यापासूनची खोड. म्हणून पोलिसी सिनेमे मला फार आवडतात. गेल्या मे महिन्यात एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मी मोबाइलवर एक जुना इटालियन सिनेमा लावला. माफियाचा. खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी मी बाबांना मराठीत सांगत होते. त्यांचं सगळं आयुष्य होडीवर गेलेलं, इटलीशी ही पहिलीच गाठ.

भर बाजारात खून होतो. इन्स्पेक्टर दारोदार फिरतो आणि जो तो म्हणतो, मी काही पाहिलं नाही. मी वैतागले. एवढ्या माणसांत एकालाही तोंड उघडता येऊ नये?

बाबा म्हणाले, "त्यांच्यात गावदेवाला गाऱ्हाणा घालत नाय काय?"

मला हसू आलं. आमच्या वाडीत आठवड्यापूर्वीच गाऱ्हाणं घातलं होतं. शेजारच्या काकांचं समुद्रात लावलेलं जाळं कुणाच्या तरी होडीच्या पंख्यात सापडून फाटलं होतं. असं चुकून झालं तर किनाऱ्यावर येऊन सांगायचं, ही आमच्याकडची रीत. कुणीच सांगितलं नाही. काका पोलिसांत गेले नाहीत, देवळात गेले. "जो कोण असंल त्याला तुझ्यासमोर उभा कर रे महाराजा," असं गुरवानं म्हटलं आणि सगळे पुरुष एका आवाजात ओरडले, "व्हय महाराजा!"

बायका बाजूला उभ्या असतात, त्यामुळे मला पुरुषांची तोंडं दिसत होती. बाबांचे ओठ मिटलेले होते. घसा बसला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण डोक्यातला किडा काही गप्प बसेना. त्या दुपारी सिनेमा थांबवून मी विचारलंच, "बाबा, तुम्ही व्हय का म्हणाला नाहीत?"

थांबलेल्या चित्राकडे बघतच ते म्हणाले,

"सुकाणू माझ्याच हातात होता. पहाटचा त्यांचा जाळा दिसला नाय. आणि मग सांगायचा धीर झाला नाय. देवासमोर खोटा कसा बोलू?"

"मग काकांना सांगा ना!"

"आता कुठच्या तोंडानं सांगू?"

मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. सिनेमातला खुनी कोण होता, ते मी अजून पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकीनं कुंपणापलीकडून हाक मारली. "गावभरच्या चौकशा करतेस, आमच्या जाळ्याचा काय कळला काय गो?"

"नाही काकी," मी म्हटलं. किती सहज म्हटलं!

"जाव दे. तुझे बाबा हायत म्हणून आमचा निभावला. रोज येऊन ह्यांच्यासंगती जाळा शिवत बसतात. आताही तितंच हायत, बघ. असा शेजारी मिळायला नशीब लागता गो."